मोटारसायकलीवरील रेडिओ : विद्युत् दोषांचा शोध

१. विषयप्रवेश

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत बोम्मसंद्रा ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. याच रस्त्याने पुढे जाऊन तामिळनाडूची हद्द ओलांडली की होसूर लागते. तेथे टी.व्ही.एस. कंपनीचा दुचाकी वाहनांचा कारखाना आहे. पाळी बदलण्याच्या वेळी अशा रस्त्यावरून हजारो कामगार दुचाकीने ये-जा करतात. हँडलवर किंवा पेट्रोलच्या टाकीपुढे एक लहानसा रेडिओ बसवून घेण्याची हौस त्यांच्यांतील काहींना असते.

घरातील मेजावर ठेवलेला रेडिओ आणि मोटारसायकलीवरील रेडिओ या दोहोंच्या नशिबात मोठे अंतर आहे. घरचा संच स्थिर असतो. वाहनावरील संचास ऊन, पाऊस, धूळ आणि अखंड हादरे सोसावे लागतात. त्यास वीज पुरविणारी बॅटरी लहान असते. त्याच्यापासून हातभर अंतरावर दर सेकंदास अनेक वेळा विजेची ठिणगी उडत असते. अशा परिस्थितीत संच कधी मुका होतो, कधी खरखरतो, तर कधी शिटीसारखा आवाज काढतो. मालक बहुधा असे मानतो की, संच बिघडला. तो संच काढून टाकतो, नवा विकत घेतो, आणि आठवड्याभरात नव्या संचासही तीच व्याधी जडते. पगारातून बाजूस काढलेले पैसे याप्रमाणे दोनदा खर्च होतात.

याचे कारण असे की, वाहनावर दोष पुष्कळदा संचाच्या पेटीत नसतो. तो पेटीपर्यंत येणाऱ्या व पेटीपासून परत जाणाऱ्या विजेच्या वाटेवर असतो. ही वाट क्रमाने कशी तपासावी, हे या पाठात सांगितले आहे. त्यासाठी लागणारी साधने थोडीच आहेत : व्होल्ट, अँपिअर व ओहम मोजणारा एक साधा मीटर, वळणदिव्याचा २१ वॉटचा एक बल्ब, आणि थोडा धीर.

२. वीज कोठून येते व कोठे परत जाते

इंजिनाच्या मुख्य दंडाच्या टोकास एक जड चाक असते. त्याच्या आतील कडेस चुंबके बसविलेली असतात. चाक फिरू लागले की त्याच्या आत स्थिर असलेल्या तारेच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. हा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलणारा, म्हणजे प्रत्यावर्ती असतो. रेडिओस व बॅटरीस एकाच दिशेचा प्रवाह लागतो. म्हणून मध्ये एक उपकरण योजलेले असते. ते प्रवाहास एकदिश करते व त्याचा दाब मर्यादेत ठेवते. कारागीर त्यास ‘रेग्युलेटर’ किंवा ‘आर.आर. युनिट’ म्हणतात.

आजच्या बहुतेक मोटारसायकलींवर बारा व्होल्टची बॅटरी असते. ती पूर्ण भारित असून स्वस्थ असता तिच्या टोकांशी सुमारे १२.६ व्होल्ट दाब मिळतो. इंजिन मध्यम वेगाने चालत असता तो साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टपर्यंत चढतो. तो तेराच्या आत राहिला तर बॅटरीचे भरण नीट होत नाही असे समजावे. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटरने आपले काम सोडले असे समजावे व रेडिओ तत्काळ बंद करावा.

जुन्या वाहनांविषयी येथेच सावध केलेले बरे. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनविलेल्या मोटारसायकली सहा व्होल्टच्या होत्या. अशा वाहनांवर बारा व्होल्टचा संच चालत नाही. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या काही मोटारसायकलींवर तर बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. अशा गाडीवर आजचा संच नेहमीच्या रीतीने जोडल्यास तो क्षणात जळण्याचा संभव असतो. म्हणून जुन्या गाडीवर आधी मीटर लावावा आणि मगच तार जोडावी.

आता विजेची वाट पाहू. बॅटरीच्या धन टोकापासून प्रवाह निघतो, फ्यूजमधून जातो, किल्लीच्या स्विचमधून जातो, संचात शिरतो, आणि संचाच्या काळ्या तारेतून बाहेर पडून सांगाड्याच्या लोखंडामार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो. या संपूर्ण फेरीस विद्युत् मंडल असे म्हणतात. मंडल कोठेही तुटले की प्रवाह थांबतो. जाण्याची वाट रंगीत तारेची असल्यामुळे ती सर्वांच्या नजरेस पडते. परतीची वाट मात्र सांगाडा हीच असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या स्क्रूखाली काळी तार दाबलेली असते त्याच्याभोवती रंगाचा थर किंवा गंज असला, तर वाट अडते. रंग हा विजेस जवळजवळ पूर्ण रोध करतो. गंज अर्धवट करतो. पुढे दिसून येईल की, अर्धवट अडथळा हाच शोधावयास अधिक कठीण असतो.

३. ठिणगी आणि रेडिओ यांचे जुने नाते

इंजिनाच्या प्लगमधील ठिणगी रेडिओस का त्रास देते, हे समजण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते. हाइनरिख हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ मध्ये विद्युत् चुंबकीय तरंग प्रथम प्रयोगाने सिद्ध केले. त्याचे प्रक्षेपक यंत्र म्हणजे दोन गोळ्यांमधील फटीत उडणारी ठिणगीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीही असे तरंग निर्माण करून त्यांवर प्रयोग केले. ठिणगीच्या वेळी प्रवाह अतिशय वेगाने बदलतो, आणि वेगाने बदलणारा प्रवाह सभोवार तरंग फेकतो. मोटारसायकलीचा प्लग, त्याची जाड तार व प्रवर्तक वेटोळे मिळून हर्ट्झचे तेच यंत्र आहे. फरक एवढाच की, येथे ते पेट्रोल पेटविण्यासाठी योजलेले आहे व तरंग हा त्याचा अनपेक्षित उपद्रव आहे.

१९३० मध्ये अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला व त्यास ‘मोटोरोला’ हे नाव दिले. वाहनाच्या ज्वलनयंत्रणेतून येणारा खरखराट कसा दाबावा, हा त्या काळच्या कारागिरांपुढील बिकट प्रश्न होता. पुढे १९३४ मध्ये रेडिओतील व्यत्ययांचा विचार करण्यासाठी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. वाहनांनी किती विद्युत् गोंगाट करावा याची मर्यादा ती आजही ठरविते. आपल्या वाहनावरील खरखराट हा असा जुना व चांगला अभ्यासलेला विषय आहे.

४. तीन प्रश्न

दोषशोधनाचा आरंभ स्क्रू काढण्याने करू नये. प्रश्न विचारण्याने करावा.

पहिला प्रश्न : इंजिन बंद ठेवून, केवळ बॅटरीवर संच लावला असता दोष दिसतो काय? दिसत असल्यास दोष वीजपुरवठ्यात, जोडांत, आकाशकात किंवा संचात आहे. इंजिन निर्दोष आहे.

दुसरा प्रश्न : गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू केले असता दोष उत्पन्न होतो काय, आणि गती वाढविली असता तो बदलतो काय? तसे असल्यास दोष ठिणगीशी किंवा वीज निर्माण करणाऱ्या यंत्रणेशी निगडित आहे.

तिसरा प्रश्न : दोष केवळ रस्त्यावरच दिसतो काय? तसे असल्यास तो खड्ड्यांबरोबर येतो की ठिकाणाबरोबर, हे पाहावे. खड्ड्यांबरोबर येणारा दोष सैल जोडाचा असतो. विशिष्ट ठिकाणी येणारा दोष गाडीतच नसतो.

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अर्ध्याहून अधिक शंकास्थाने आपोआप गळून पडतात. उरलेल्यांचा विचार आता क्रमाने करू.

५. संच मुका असेल तर

किल्ली चालू असूनही संच लागत नाही, असे समजू. प्रथम बॅटरीच्या टोकांवर दाब मोजावा. तो बारा व्होल्टच्या बराच खाली असेल तर रेडिओचा विचार सोडून बॅटरीचा करावा. दाब ठीक असल्यास फ्यूज पाहावा. फ्यूज डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये, कारण केसाएवढी चीर दिसत नाही. तो काढून मीटरने ओहममध्ये तपासावा.

फ्यूज जळलेला आढळल्यास तो का जळला हे शोधल्यावाचून नवा घालू नये. तांबडी तार हँडलच्या धातूवर घासून तिचे वेष्टन फाटले असण्याचा संभव पुष्कळ असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. लहान बॅटरीतूनसुद्धा शेकडो अँपिअरपर्यंतचा प्रवाह क्षणभर निघू शकतो. त्याने बारीक तार लाल होते, आणि ती तार पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते. रेडिओसाठी तीन ते पाच अँपिअरचा फ्यूज सामान्यतः पुरतो. संचाच्या माहितीपत्रकात आकडा दिला असल्यास तोच पाळावा, आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा.

फ्यूज शाबूत असल्यास मीटरची काळी कांडी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून तांबड्या कांडीने वाटेवरील एकेक ठिकाण तपासीत जावे : फ्यूजनंतर, स्विचनंतर, संचाच्या तांबड्या तारेपाशी. जेथे दाब नाहीसा होईल, तेथे व त्याच्या आधीच्या ठिकाणी मिळून दोष बंदिस्त झाला. वाट लांब असेल तर मध्यापासून आरंभ करावा. मध्यावर दाब मिळाला तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष, न मिळाला तर पलीकडचा भाग तूर्त पाहण्याचे कारण नाही. याप्रमाणे प्रत्येक मापनाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

बऱ्याच संचांना पिवळी व तांबडी अशा दोन पुरवठा-तारा असतात. पिवळी तार सतत वीज मागते व केंद्रांची स्मृती राखते. तांबडी तार किल्लीबरोबर चालू-बंद व्हावयाची असते. किल्ली काढताच निवडलेली केंद्रे पुसली जात असतील, तर संचात दोष नाही. पिवळी तार स्विचच्या पुढे जोडली गेली आहे.

६. आवाज वाढविताच बंद पडणारा संच

हा दोष फार फसवा असतो. मंद आवाजात संच उत्तम चालतो. आवाज वाढविला, किंवा गाण्यात ढोलकीचा ठेका आला, की संच क्षणभर बंद पडतो व पुन्हा सुरू होतो. तारेवर मीटर लावावा तर पूर्ण १२.६ व्होल्ट दिसतात. अशा वेळी संचच सदोष असा निर्णय दिला जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो.

गणित करून पाहू. समजा, काळ्या तारेच्या गंजलेल्या जोडात एक ओहमचा रोध आहे. संच मंद आवाजात ०.३ अँपिअर प्रवाह घेतो. ओहमच्या नियमानुसार त्या जोडात ०.३ × १ = ०.३ व्होल्ट दाब खर्च होतो, संचास १२.३ व्होल्ट मिळतात व तो सुखाने चालतो. मोठ्या आवाजात प्रवाह तीन अँपिअरपर्यंत चढला की त्याच जोडात तीन व्होल्ट जातात. संचास केवळ ९.६ व्होल्ट उरतात व तो बंद पडतो. बंद पडताच प्रवाह थांबतो, दाब पूर्ववत् होतो, आणि संच पुन्हा जागा होतो. हे चक्र चालू राहते.

मग मीटर पूर्ण दाब का दाखवितो? मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. संच बंद असता मीटरमधून सुमारे सव्वा मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह जातो. एवढ्याने एक ओहमच्या जोडात जो दाब खर्च होईल तो मोजण्यापलीकडे लहान आहे. मीटर खोटे सांगत नाही. आपण त्यास प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. वाट भार वाहू शकते काय हे कळण्यासाठी तिच्यावर भार घालावा लागतो.

यास्तव संचाच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडावा. तो बारा व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. बल्ब जळत असता बॅटरीचे ऋण टोक व बल्बची काळी तार यांमधील दाब मोजावा. चांगल्या वाटेवर तो ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असतो. वरील गंजलेल्या जोडात तो दीड व्होल्टच्या आसपास भरेल. नंतर बॅटरीचे धन टोक व बल्बची तांबडी तार यांमध्येही तसेच मोजावे. ज्या बाजूस दाब अधिक हरवतो, त्या बाजूस दोष.

उपाय सोपा आहे. जोड सोडवून धातू चकचकीत होईपर्यंत घासावा, स्क्रू आवळावा, वर ग्रीसचा पातळ थर द्यावा. त्याहूनही उत्तम म्हणजे संचाची काळी तार सांगाड्यावर न सोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी. तार फार बारीक नसावी. अर्धा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत दर मीटरला ०.०३४ ओहम रोध असतो. जाऊन-येऊन चार मीटर तारेत तीन अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट जातात. एक चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हे नुकसान निम्मे होते.

७. इंजिनाबरोबर बदलणारा आवाज

इंजिन चालू होताच येणाऱ्या व्यत्ययाचे कान देऊन दोन प्रकार करावेत : टकटक आणि शिटी.

टकटक ही ठिणगीची खूण. इंजिन मंद गतीने मिनिटास १,२०० फेरे घेत असता दर सेकंदास वीस फेरे होतात. अनेक मोटारसायकलींवर प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी उडते, म्हणून सेकंदास वीस ठोके ऐकू येतात. गती वाढविताच ते इतके दाट होतात की त्यांचा खर्जातील गुणगुणाट होतो.

शिटी किंवा केकाट ही वीज निर्माण करणाऱ्या यंत्रणेची खूण. चाकात बारा चुंबकीय ध्रुव, म्हणजे सहा जोड्या आहेत असे धरू. मिनिटास ३,००० फेऱ्यांवर सेकंदास ५० फेरे होतात; प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता ५० × ६ = ३०० होते. एकदिश केल्यावर प्रवाहात उरणाऱ्या लहरी एक कला असल्यास याच्या दुप्पट, म्हणजे ६००, आणि तीन कला असल्यास सहा पट, म्हणजे १,८०० भरतात. गती दुप्पट केली की हे आकडेही दुप्पट होतात. म्हणून मूठ पिळली की शिटीचा सूर चढतो.

व्यत्यय कोणत्या दाराने आत येतो, हे नंतर ठरवावे. आकाशकाची, म्हणजे ज्यास आपण एरिअल म्हणतो त्याची तार संचातून काढून पाहावी. गोंगाट थांबला तर तो आकाशकामार्गे येत होता. थांबला नाही तर पुरवठ्याच्या तारांतून येत आहे. खात्री करण्यासाठी संच थोडा वेळ दुसऱ्या, वेगळ्या ठेवलेल्या बॅटरीवर चालवावा. आवाज अगदी कमी करूनही शिटी तेवढीच राहिली, तर ती विवर्धकाच्या शेवटच्या भागात किंवा ध्वनिक्षेपकाच्या तारांत शिरत आहे असे समजावे.

टकटकीवरील उपाय प्लगपाशीच करावा. आत सुमारे पाच हजार ओहमचा रोध बसविलेले प्लग व त्यांच्या टोप्या मिळतात. हा रोध ठिणगीस थांबवीत नाही. प्रवाहातील अतिवेगवान चढउतार मात्र दाबतो. गाडीच्या माहितीपत्रकात जो प्लग सांगितला असेल तोच वापरावा. स्वस्त म्हणून रोधहीन प्लग बसविला की रेडिओ खरखरू लागतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाल्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींवर पेट्रोल सोडण्याचे काम विद्युत् नियंत्रकाकडे आले आहे, आणि अशा नियंत्रकासही हा गोंगाट बाधतो. प्लगची टोपी सैल किंवा तडकलेली असल्यास तीही बदलावी.

शिटीवरील पहिला उपाय म्हणजे बॅटरीची टोके स्वच्छ करणे. बॅटरी ही स्वतः लहरी शोषून घेणारा मोठा हौदच आहे; तिची टोके गंजली किंवा ती जीर्ण झाली की लहरी थेट संचाकडे जातात. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मीटरने प्रत्यावर्ती दाब मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून बराच अधिक भरला तर बॅटरीचा किंवा रेग्युलेटरचा संशय घ्यावा. एवढ्याने न भागल्यास तांबड्या तारेत एक प्रवर्तक वेटोळे व त्याच्या पुढे दोन तारांमध्ये २५ व्होल्ट क्षमतेचे १,००० ते २,२०० मायक्रोफॅरडचे धारित्र जोडावे. हौदाच्या तोंडाशी जाळी बसवावी, तसे हे कार्य आहे.

येथे एक फसगत सांगणे आवश्यक आहे. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असता सतत जळतो. आजच्या एल.ई.डी. दिव्यांत विजेचा दाब नियमित करणारे, अतिशय वेगाने उघडझाप करणारे मंडल असते. त्याची सुसू इंजिन सुरू होताच ऐकू येते व दोष इंजिनावर ढकलला जातो. मूठ पिळून पाहावी. सूर बदलला तर इंजिन. तसाच राहिला तर दिवा किंवा मोबाइलचा चार्जर. चार्जर काढून घेताच आवाज थांबला तर शोध संपला.

८. रस्त्याबरोबर येणारा दोष

गाडी मुख्य स्टँडवर घेऊन संच चालू ठेवावा व हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. हँडलजवळील तारांना प्रत्येक वळणावर बाक पडतो. वेष्टन शाबूत राहून आतील तांब्याचे धागे तुटत जातात. ज्या कोनात आवाज तुटेल त्या ठिकाणची तार बदलावी. नंतर प्रत्येक जोड बोटाने हलकेच हलवून पाहावा. तारा केवळ पीळ देऊन व चिकटपट्टी गुंडाळून जोडलेल्या असतील तर शोध बहुधा तेथेच संपेल.

आकाशकाचाही विचार करावा. बंगळूर येथे विविध भारती १०२.९ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. त्या लहरीची लांबी सुमारे २.९ मीटर असते व तिच्या चतुर्थांशाएवढा, म्हणजे ७३ सेंटिमीटरचा सरळ आकाशक तीस उत्तम जुळतो. आकाशकाच्या तारेत मध्ये एक तार व सभोवती जाळी असते. तिचा प्लग संचातून काढून मीटर लावावा. मधली तार आकाशकाच्या टोकाशी जोडलेली असली पाहिजे. मधली तार व जाळी यांमध्ये मात्र मार्ग नसावा. पाणी शिरून तो झाला तर केंद्रे क्षीण ऐकू येतात. जाळीचा सांगाड्याशी असलेला जोड सुटला तर ठिणगीचा गोंगाट आत येतो.

शेवटी ठिकाणाबरोबर येणारा दोष. १० ऑगस्ट २०२५ रोजी आर.व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हा नम्मा मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाला. होसूर रस्त्यावर त्याचा उंच पूल दूरवर डोक्यावरून जातो. पुलाच्या काँक्रीटमधील लोखंड लहरींना अडविते व परतवून लावते. एकच लहर सरळ व परावर्तित अशा दोन वाटांनी आली की दोन्ही कधी परस्परांस पूरक होतात, कधी मारक. त्यामुळे अशा पुलाखाली एफ.एम. आवाज पावलोपावली फडफडू शकतो. मध्यम लहरींवरील केंद्र पुलाखाली मंदावते. आकाशवाणी बंगळूरच्या ६१२ किलोहर्ट्झ लहरीची लांबी ४९० मीटर असून अशा लांब लहरी लोखंडाच्या छपराखाली क्षीण होतात. उच्च दाबाच्या तारांखालीही खरखर येते. मोकळ्या जागी आवाज स्वच्छ झाला तर गाडीस हात लावू नये.

९. सकाळी बॅटरी रिकामी

रात्रपाळी करून कामगार बाहेर येतो, आणि गाडी सुरू होत नाही. येथे रेडिओ बिघडलेला नसतो. तो बॅटरी खात असतो. किल्ली काढून, बॅटरीची ऋण तार सोडवावी व त्या फटीत अँपिअर मोजणारा मीटर जोडावा. स्मृती राखण्यासाठी पाच मिलिअँपिअर जात असतील, तर दिवसास ०.१२ अँपिअर-तास खर्च होतो. पाच अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी व्हावयास सुमारे वीस दिवस लागतील. परंतु दोन्ही तारा थेट बॅटरीस जोडल्या असून संच अर्धवट जागाच राहिला व १५० मिलिअँपिअर घेऊ लागला, तर एका दिवसात ३.६ अँपिअर-तास संपतात. मीटर असा जोडलेला असता स्टार्टर कदापि दाबू नये. त्याचा प्रचंड प्रवाह मीटरमधील फ्यूज जाळून टाकील.

१०. सावधगिरी व सारांश

इंजिन चालवून करावयाच्या चाचण्या उघड्यावर कराव्यात. बंद खोलीत धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. ठिणगीच्या जाड तारेस हात लावू नये. तिच्यावर हजारो व्होल्ट असतात. दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी व शेवटी जोडावी. ब्रेक व इंजिन यांच्या विद्युत् नियंत्रकांच्या तारांत रेडिओची जोड कधीही देऊ नये. चाचणी गाडी उभी करूनच करावी, आणि चालविताना आवाज इतकाच ठेवावा की मागील वाहनाचा भोंगा ऐकू येईल.

दोषशोधन हे अंदाजाचे काम नव्हे. दोष बॅटरीवर दिसतो, इंजिनाबरोबर येतो की रस्त्याबरोबर, हे आधी ठरवावे; मग मापनाने क्षेत्र निम्मे करीत जावे; आणि वाट तपासावयाची ती भार घालून तपासावी. संच उघडण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. या रीतीने चालणाऱ्यास बहुधा आढळून येईल की, नव्या संचाची किंमत वाचविणारी वस्तू घासकागदाचा एक तुकडा होती.

स्वाध्याय

१. सहा अँपिअर-तासांच्या बॅटरीतून रेडिओ सतत दहा मिलिअँपिअर घेत आहे. बॅटरी निम्मी होण्यास किती दिवस लागतील?

२. अठरा ध्रुवांच्या चाकाचे मिनिटास ४,००० फेरे होत असता प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता किती?

३. ९१.१ मेगाहर्ट्झच्या केंद्रासाठी चतुर्थांश लांबीचा आकाशक किती सेंटिमीटरचा असावा?

४. संच बंद असता तारेवर १२.६ व्होल्ट, चालू असता १०.१ व्होल्ट दाब दिसतो. प्रवाह अडीच अँपिअर आहे. वाटेतील रोध किती, व तो कोणत्या बाजूस आहे हे कसे ठरवाल?